रिसेप्टर: ग्राहक की ग्राही?

अमळनेरहून विचारलं आहे: ‘नानांच्या फुप्फुसाच्या गाठीच्या रिपोर्टात "ईजीएफआर पॉझिटिव्ह, एक्झॉन १९ डिलीशन" आलंय. रिसेप्टरला ग्राहक म्हणायचं का? आणि माय विचारते, पॉझिटिव्ह म्हंजे वाईटच शे ना?’

ग्राही म्हणा. ग्राहक म्हटलं की दुकानच डोळ्यांपुढे येतं. शब्द पुल्लिंगी. मात्र ‘विद्यार्थ्याला’च्या चालीवर ‘ग्राह्याला’ करू नका, तिथे ‘ग्राह्य’चा घोळ होतो. हत्तीला, कवीला, तसंच ग्राहीला.

रिपोर्टातला ईजीएफआर (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर) हा ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणात आरपार बसलेलं प्रथिन. बाहेरच्या टोकाला वाढीचा संदेश घेऊन येणारं प्रथिन चिकटलं की दोन ग्राही जोडीनं जुळतात, आतला टायरोसीन कायनेज भाग (संदेश पुढे ढकलणारं एन्झाइम) जागा होतो आणि पेशीला विभाजनाचा हुकूम जातो. पण ग्राहीच्या जनुकातल्या एक्झॉन १९ मधला (एक्झॉन म्हणजे प्रथिनाची कृती असलेला जनुकाचा भाग) छोटा तुकडा गळाला, म्हणजेच डिलीशन झालं, किंवा एक्झॉन २१ मध्ये ८५८ व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन आलं, की आतला भाग संदेशावाचून चालूच राहतो. ठिबकचा व्हॉल्व्ह उघडाच अडकावा तसं. पेशी वाढत राहतात आणि मरायच्या वेळी मरत नाहीत.

म्हणून ‘ग्राही पॉझिटिव्ह’ लिहिणं मला साफ चुकीचं वाटतं. ग्राही निरोगी पेशींवरही असतोच. ‘ग्राहीच्या जनुकात बदल आढळला’ असं लिहा; ‘बदल’ हा शब्द गाळू नका. मायला सांगा, कॅन्सर आहे हे आधीच्या तपासणीतच ठरलं. ही ओळ नेमक्या या बदलावर काम करणारी गोळी आहे, एवढं सांगते: जेफिटिनिब, ऑसिमर्टिनिब वगैरे. बदल आणि गोळीचा हा संबंध २००४ साली उघड झाला. गोळीनं गाठ बहुधा आटते, पण पुढे औषध लागू पडेनासं होऊ शकतं. जेफिटिनिबनंतर त्याचं नेहमीचं कारण टी७९०एम हा नवा बदल. म्हणून तेव्हा पुन्हा तपासणी करतात. या बदलावर ऑसिमर्टिनिब चालतं.

आणखी एक, फाईल चाळताना हमखास गफलत होते ती. किडनीच्या रिपोर्टातही ‘ईजीएफआर’ असतो. रोमन लिपीत त्याचं पहिलं अक्षर लहान लिहितात, देवनागरीत तो फरक पुसला जातो. त्याच्यापुढे आकडा आणि ‘मिलि प्रति मिनिट’ असं एकक असतं; तो किडनीच्या गाळण्याचा वेग, ग्राहीशी त्याचा काही संबंध नाही. मराठीत लिहिताना ‘किडनीचा ईजीएफआर’ आणि ‘ईजीएफआर जनुकबदल’ असं पूर्ण लिहा.