दहापैकी किती दुखतंय, काय सांगायचं?

मिरजेत समुपदेशनाला बसते तिथं हे सारखं ऐकायला मिळतं, "मॅडम रिपोर्ट नॉर्मल आलेत त्यामुळं घरच्यांना वाटतं मी सोंग करते, आणि डॉक्टर विचारतात दहापैकी किती दुखतंय, तेव्हा काय सांगू?"

तासगावकडच्या एक ताई होत्या (ओळख लागू नये म्हणून थोडं बदलून सांगते). द्राक्षबागेत मजुरीला जायच्या, विरळणीला दिवसभर हात वर आणि मान मागं, ज्यानं केलंय त्यालाच ते कळतं. मान आणि उजवा खांदा वर्षभर दुखत होता आणि दर वेळी त्या दहाच सांगायच्या, गोळी घेऊन पण दहा, व्यायाम सुरू केला तरी दहा. मी म्हटलं खरंच दहा का ओ ताई? तर म्हणाल्या, "सहा म्हटलं तर मालक लगेच म्हणतील बरी झालीस, चल कामाला." मालक म्हणजे नवरा. यात खोटेपणा नाहीये हो, ज्याचं कुणी खरंच मानत नाही तो मोठाच आकडा सांगणार. पण दहा कायम दहाच राहिला की उपचार लागू पडतोय का नाही हे डॉक्टरांना तरी कसं कळायचं.

बीपीसारखं दुखणं मोजायचं मशीन नाही. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं वाईट, आणि हा आकडा जावेच्या दुखण्याशी ताडून बघायचा नसतो, स्वतःच्याच मागच्या आठवड्याशी बघायचा. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2020 मध्ये व्याख्या सुधारली, त्यातही माणूस दुखतंय म्हणतो त्याचा मान राखा असं स्पष्ट आहे. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखत नाही, असं होत नाही.

मग आम्ही 'पेग' नावाची छोटी प्रश्नावली घेतली, 2009 पासून वापरात आहे. तीनच प्रश्न: गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, त्यामुळं जगण्यातली मजा किती गेली आणि रोजची कामं किती अडली. प्रत्येकाला शून्य ते दहा आणि मग सरासरी. ताईंचे आले 8, 9, 9. कामं अडली म्हणजे काय अडलं विचारलं तर म्हणाल्या वेणी लेक घालते, भाकऱ्या दोन थापल्या की थांबावं लागतं, रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नाही. नवरा शेजारीच बसलेला, त्याला वेणीचं माहीतच नव्हतं! एका घरात राहून.

डॉक्टरांना पण हेच सांगा, आकडा आणि सोबत काय करता येईना ते, घरनंच कागदावर लिहून न्या. हाताची ताकद कमी झाली, बधिरपणा वाढला, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही तर मात्र आकडे लिहीत बसू नका, लगेच दाखवा.

फिजिओथेरपी आणि कामात मधे मधे थांबणं सुरू झाल्यावर ताईंचे आकडे 7, 5, 5 झाले. दुखणं एकानंच उतरलं, पण सरासरी 8.7 वरून 5.7 वर आली, आणि साधारण 30 टक्के उतार पडला तरी तो खरा फरक धरतात. यंदा त्या विरळणीला अर्धाच दिवस जातात, अर्ध्या हजेरीवरून घरात वाजतं अजून, त्यासाठी पुढच्या वेळी दोघांनाही बोलावलंय.