गुहागरात रोज घालायला चांदीचं कडं: नेच्याच्या पानाचं की शिंपल्यांचं?

ताई, दोन्ही कड्यांचे फोटो नीट मोठे करून बघितले. बहिणीला चाळिशीचं गिफ्ट द्यायचंय, ती गुहागरला शाळेत शिकवते, रोज घालेल असं रुंद उघडं कडं हवंय, आणि तुमची निवड दोनांवर येऊन थांबलीय, एक ऑक्सिडाईज्ड (म्हणजे खाचा मुद्दाम काळ्या केलेलं) ज्यात नेच्याचं पान मनगटाभोवती गुंडाळलंय आणि दुसरं चकचकीत, वर शिंपले आणि तीन मोती. मी सरळ सांगते, नेच्याचं घ्या. पण तेच का आणि घेण्याआधी विक्रेत्याला काय विचारायचं ते सविस्तर लिहिते, कारण या प्रकारच्या कड्यात फोटोत सगळंच भारी दिसतं आणि फरक हातात आल्यावर कळतो.

पहिली गोष्ट म्हणजे डिझाईन हाताभोवती वाढलेलं दिसलं पाहिजे, वर आणून चिकटवलेलं नाही. तुमच्या शिंपल्यांच्या कड्यात साधी पट्टी आहे आणि तिच्यावर मधोमध शिंपले डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेत, म्हणजे ते कडं समोरून सुंदर पण बाजूने बघितलं तर नुसती पट्टी. नेच्याचं तसं नाहीये. पावसाळा लागला की आपल्याकडे चिऱ्याच्या गडग्यावर नेचे उगवतात ते आठवा, कोवळं पान आधी गुंडाळी करून बसलेलं असतं आणि हळूहळू उलगडतं, मधली शीर देठाकडे जाड आणि टोकाकडे बारीक होत जाते, दोन्ही बाजूंच्या पाकळ्या पण क्रमाने लहान होत जातात. (त्यातला एक नेचा असतो ज्याच्या पानाची मागची बाजू पांढरी असते, हातावर थापटून मारला की पांढरा ठसा उठतो, आम्ही शाळेतून येताना हेच करायचो, तुमच्या बहिणीचे विद्यार्थी पण करत असतील.) चांगल्या कारागिराने हे सगळं पाळलेलं असतं. तुमच्या फोटोत एका टोकाला गुंडाळी आहे आणि दुसऱ्या टोकाला पान निमुळतं संपतंय, शीर पण जाडीची बारीक होत गेलीय, हे मला फार आवडलं. म्हणजे उघड्या कड्याला जी दोन टोकं असणारच, त्यांचा डिझाईनमध्ये वापर केलाय, कापून सोडून दिलेली नाहीत.

आता यातच एक गोम आहे ती बघून घ्या. बरेच जण सपाट पत्र्यावर पान कापतात आणि मग तो पत्रा गोल वाकवतात. शीर वाकते पण बाजूच्या पाकळ्यांची टोकं सरळच राहतात, आणि मग ती मनगटापासून बाहेर डोकावतात, ओढणीत अडकतात, साडीचा पदर ओढतात. शिक्षिकेला हे दिवसभर सहन होणार नाही. म्हणून विक्रेत्याकडे बाजूने काढलेला आणि आतून काढलेला फोटो मागा. प्रत्येक टोक मनगटाच्या वळणाबरोबर आत वळलेलं हवं आणि कड गोल घासलेली हवी. आतली बाजू जर खडबडीत, छिद्रं असलेली दिसली तर नको म्हणा, ओतीव कामात, म्हणजे चांदी वितळवून साच्यात ओततात त्यात, घाई झाली की अशी बारीक भोकं राहतात, तिथे घाम आणि साबण साठतो आणि तिथूनच पुढे तुटायची पण भीती असते.

वजनाबद्दल तुम्ही लिहिलंय की एका विक्रेत्याने १८ ग्रॅम सांगितलंय आणि ते "हलकं म्हणून आरामदायी" आहे म्हणे. इथे थोडं गणित करा. समजा बहिणीचं मनगट ६ इंच आहे, रुंद कड्याला अर्धा इंच सैल धरा आणि उघडी जागा १ इंच सोडा, म्हणजे चांदीची लांबी साडेपाच इंच, साधारण १४ सेंटीमीटर. रुंदी २ सेंटीमीटर आणि जाडी दीड मिलिमीटर धरली तर ४.२ घन सेंटीमीटर चांदी लागते, ९२५ चांदी (म्हणजे साडेब्याण्णव टक्के शुद्ध) एका घन सेंटीमीटरला साधारण १०.३६ ग्रॅम भरते, म्हणजे भरीव पट्टी ४३-४४ ग्रॅमची झाली. त्याच मापात १८ ग्रॅम म्हणजे पत्रा जेमतेम ०.६ मिलिमीटर. पानांच्या मध्ये जाळी सोडली असेल तर वजन कमी भरणारच, ते मान्य, पण तरीसुद्धा या रुंदीला ३० ग्रॅमच्या खाली गेलं की मला तरी शंका येईल. इतका पातळ पत्रा बेंचच्या कोपऱ्यावर आपटला की चेपणार. दुसरा प्रकार म्हणजे आतून पोकळ किंवा लाख भरलेलं, ते दिसायला जाडजूड असतं पण पोचा आला की सरळ करणं कठीण आणि डाग देताना लाख वितळते, रोजच्या वापराला नकोच. चांदी किलोला लाखाच्या कधीच पुढे गेलीय त्यामुळे ग्रॅम वाढले की बिल वाढतं हे खरं, पण मग रुंदी कमी करा, जाडी कमी करू नका. दीड सेंटीमीटर रुंदीचं दणकट कडं कधीही बरं.

मापाचं थोडं अजून, कारण उघड्या कड्याची सगळ्यात जास्त वाट इथेच लागते. माप मनगटाच्या हाडाच्या जरा वर, कोपराच्या बाजूला घ्यायचं, आणि दुपारी घ्यायचं, आपल्याकडे मे महिन्यात उकाड्याने हात फुगतात ते सकाळच्या मापात बसत नाहीत. घालताना कडं दोन्ही हातांनी फाकवून वरून दाबायचं नाही. मनगटाची जी अरुंद बाजू असते तिथून एक टोक सरकवायचं आणि मग कडं फिरवून घ्यायचं, काढताना तसंच उलटं. चांदी पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होत जाते आणि एक दिवस बरोबर मधोमध चीर जाते. सोनार ती तापवून परत मऊ करतो पण त्या तापवण्यात ऑक्सिडाईजचा काळा रंग जातो आणि मोती असेल तर तो काढावाच लागतो. म्हणून सुरुवातीलाच बरोबर माप घ्या, "दाबून बसवून देतो" यावर जाऊ नका, ओतीव कडं तर जास्त वाकवूच नये.

आता गुहागरची हवा. मोत्याच्या कड्याला मी नाही म्हणतेय त्याचं मुख्य कारण हेच. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे, आणि खाडीला ओहोटी लागली की चिखलाचा जो कुजट वास येतो ना, तो त्याच वायूचा, हायड्रोजन सल्फाईडचा. त्यात दमट हवा आणि खारा वारा. ९२५ मध्ये जे साडेसात टक्के असतं ते बहुतेक तांबंच असतं, मग खाऱ्या हवेत खाचांमध्ये कधीकधी हिरवट पण धरतं. चकचकीत कडं पावसाळ्यात भराभर पिवळट पडतं, मग काळपट, आणि दर आठवड्याला पुसत बसावं लागतं. ऱ्होडियम या धातूचं पाणी (मुलामा) दिलेलं घेतलं तर काही काळ चमक राहते पण कडा घासून ते जातं आणि मग ठिगळं दिसतात. मोती घाम, परफ्यूम, लिंबू सगळ्यालाच नाजूक आणि बरेचदा नुसत्या डिंकावर बसवलेले असतात.

ऑक्सिडाईज्डमध्ये खाचा मुद्दाम गंधकाच्या द्रावणाने काळ्या केलेल्या असतात आणि उंचवटे घासून पांढरे ठेवलेले असतात. म्हणजे आपली हवा जे करणार तेच आधी करून ठेवलंय, आणि रोज घातलं की उंच शिरा हाताच्या घर्षणाने आपोआप उजळतात. पानाचा उठाव उलट वाढत जातो. पण एक करायचं नाही, बाजारात चांदी बुडवून पांढरी करायचं लिक्विड मिळतं ते आणि फॉईल-सोडा-गरम पाण्याचा तो व्हिडिओतला उपाय, दोन्ही यावर वापरू नका, खाचांमधला काळा रंग पण निघून जाईल आणि पान सपाट दिसायला लागेल. रांगोळी आणि टूथपेस्ट पण नको, चरे पडतात. रिठ्याचं पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं करायचं, बस. ठेवताना मलमलच्या फडक्यात गुंडाळून झिपच्या पिशवीत, आत खडूचा एक तुकडा ओल शोषायला, तिला काय खडूला तोटा नाही. रबर बँड मात्र लावू नका, त्यातही गंधक असतं. समुद्रात जाताना आणि मासे साफ करताना काढून ठेवायचं.

शुद्धतेचं थोडक्यात. नुसता ९२५ चा ठसा कोणीही मारू शकतो. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, सिल्व्हर हा शब्द आणि शुद्धतेचा आकडा बघा, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवर सहा अक्षरी एचयूआयडी नंबर (प्रत्येक दागिन्याचा वेगळा हॉलमार्क क्रमांक) पण सुरू झालाय, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की माहिती येते. चांदीला हे सक्तीचं नाहीये त्यामुळे नंबर नाही म्हणून लगेच माल खोटा असं होत नाही, पण मग पक्क्या बिलावर शुद्धता आणि वजन लिहून घ्या. लोहचुंबकाने तपासायला सांगतात त्यात फार अर्थ नाही, जर्मन सिल्व्हरला पण चुंबक धरत नाही आणि त्यात तर चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त असतं. निकेलने घामाच्या दिवसात काहींना खाज सुटते ते वेगळंच.

तुम्ही शेवटी विचारलंय की इथल्याच सोनाराकडून करून घ्यावं का. वेळ असेल तर नक्की विचारून बघा. ज्यांच्याकडे पत्रा काढायचं रोलरचं मशीन आहे ते तापवून मऊ केलेल्या पत्र्यावर वाळलेलं खरं पान ठेवून रोलरमधून काढू शकतात, शीर न शीर उमटते. उठाव फार खोल नसतो, पण बहिणीच्या अंगणातलंच पान वापरता येईल, आणि मला तरी गिफ्ट म्हणून ही कल्पना मोत्यांपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. जुन्या बोरमाळा, चाफेकळ्या, बकुळहार हे सगळे दागिने आजूबाजूला जे उगवत होतं त्यावरूनच घडलेत, त्याच रांगेत हे पण बसेल. शिल्पासारखं खोल काम हवं असेल तर मात्र मेणाचा साचा आणि ओतकाम लागतं, ते सहसा लहान गावात होत नाही, कोल्हापूर किंवा हुपरीकडे पाठवतात, तेव्हा वाढदिवसाला दीड-दोन महिने तरी हातात ठेवा.

आत्ता विक्रेत्याला एवढंच मेसेज करा: ग्रॅममध्ये वजन, मधल्या शिरेची आणि टोकाची जाडी, आतून-बाजूने फोटो, आणि माप चुकलं तर बदलून देणार का. बहिणीला कळू न देता माप हवं असेल तर तिची नेहमीची घड्याळाची पट्टी कितव्या भोकात लावते ते बघा आणि तेवढी लांबी फूटपट्टीवर मोजून इथे टाका, उघडी जागा धरून चांदी किती लांब लागेल ते मी काढून देते.