वारा दिसत नाही, मग लेसर तो मोजतो कसा? आणि पावसात चालतो का?

गोव्यात समुद्राकाठच्या एका सड्यावर (कातळाच्या पठारावर) बसवलेलं असं यंत्र मी दोन वर्षं सांभाळलं, म्हणून लिहितो.

हा लेसर हवेवरून नाही, हवेतल्या धुळीवरून आणि समुद्राच्या मिठाच्या बारीक कणांवरून परततो. कण वाऱ्याबरोबर वाहतात. ते यंत्राकडे येत असतील तर परतलेल्या प्रकाशाची कंप्रता (सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या) वाढते, लांब जात असतील तर घटते. पण किती? सेकंदाला १ मीटर वाऱ्याने पडणारा फरक १५ कोटींत १ एवढाच. तो थेट मोजणं अवघड, म्हणून परतलेला प्रकाश मूळ प्रकाशात मिसळतात. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळत आल्या की आवाजात एक लहर डुलते आणि पूर्ण जुळल्या की ती थांबते, हे तुम्ही भजनाला बसताना ऐकलं असेल. ती लहर जितकी जलद, तितका तारांत फरक. इथेही तेच. १.५५ मायक्रॉन तरंगलांबीच्या लेसरला सेकंदाला १ मीटर वाऱ्यामागे सुमारे १.३ मेगाहर्ट्झची लहर मिळते आणि ती सहज मोजता येते. प्रकाश परतायला किती वेळ लागला, त्यावरून उंची कळते.

उन्हाळ्यातल्या सकाळी पडद्यावर मी पाहिलंय: ४० मीटरवर खारे वारे पश्चिमेकडून सुरू झालेले आणि २०० मीटरवर अजून मतलई वारेच. खांबावर एकच वायुवेगमापक असता तर हे कळलंच नसतं.

मात्र एक किरण फक्त स्वतःच्या रेषेतला वेग सांगतो. म्हणून तो चार दिशांना, उभ्या रेषेपासून सुमारे २८ अंश कलता सोडतात आणि हिशेब जमवतात. हिशेबात गृहीत असतं की चारही ठिकाणी वारा सारखाच आहे. १०० मीटरवर समोरासमोरचे किरण एकमेकांपासून १०० मीटरांहून दूर पडतात! सड्याच्या कडेला वारा वर चढतो, तिथे हे गृहीतक कोसळतं. जागा निवडताना यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवा, ही माझी कळकळीची विनंती.

पावसात थेंब खाली पडतात, त्यामुळे उभ्या वाऱ्याचा आकडा बिघडतो. मुसळधार पावसानंतर हवा धुऊन निघते आणि वरच्या उंचीची नोंदच गायब होते. आम्ही एकदा तेच कारण समजून आठवडा काढला. नंतर यंत्राच्या काचेवर बोट फिरवलं, तर मिठाचा पांढुरका थर. साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसल्यावर तासाभरात १५० मीटरच्या वरचे आकडे परत आले.