गोळी न घेता आयुर्वेदिक उपायांनी बीपी आटोक्यात येतं का?

तुमचं वय ४२, बीपी दोनदा १५०/९५ आलं, डॉक्टर गोळी सुरू करा म्हणतात आणि तुम्हाला त्याऐवजी आयुर्वेदिक काहीतरी हवंय. याच प्रश्नावरून माझं आणि दादाचं वर्षभर बोलणं बंद होतं, म्हणून लिहितेय.

आमचे अण्णा भजनी मंडळात गातात. एका गोळीवर बीपी १३०च्या आसपास असायचं. एका पावसाळ्यात ते १७०/१०० झालं. डॉक्टरांनी गोळी वाढवली तरी उतरेना. रात्री पायांत गोळे यायचे, जिना चढताना मांड्या लटपटायच्या. दादाचं पालुपद एकच, "या गोळ्यांनीच बिघडवलंय. आयुर्वेद घ्या, त्याचा अपाय नसतो." त्याने पाकिटं उचलून कपाटात कुलूपबंद केली. तिसऱ्या दिवशी अण्णांचं डोकं फुटायला आलं, बीपी १९६/११२.

मी त्यांना वैद्यांकडेच नेलं, म्हटलं त्यांचं तरी दादा ऐकेल. वैद्यांनी नाडी पाहता पाहता अण्णांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावणारी काडी ओढून काढली. ज्येष्ठमध! एक टोक चघळून चघळून पार कुंचल्यासारखं झालेलं. आवाज मोकळा राहावा म्हणून अण्णा ती दिवसभर तोंडात धरायचे, आणि आणून द्यायचा दादाच. वैद्य म्हणाले, "ही आधी बंद. डॉक्टरांची गोळी आजच सुरू करा आणि पोटॅशियम तपासा." पोटॅशियम २.८ निघालं. किमान ३.५ हवं.

ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं की शरीर मीठपाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. बीपी चढतं ते त्यामुळे, आणि पायांत गोळे येतात तेही. काडी सुटल्यावर तीन-चार आठवड्यांत अण्णा पुन्हा एका गोळीवर आले. तुम्ही तयार काढे घेत असाल तर पाकिटावर 'यष्टीमधु' किंवा 'मुलेठी' लिहिलंय का बघा. तेच ते.

आयुर्वेदात बीपीवर काही नाही असं म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये सर्पगंधा या वनस्पतीचा बीपीवरचा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. १९५२मध्ये तिच्यातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळं काढण्यात आलं आणि ते जगभर वापरलं गेलं. पण त्याच रेसरपिनने नाक चोंदतं आणि काहींना गंभीर नैराश्य येतं. जे बीपी उतरवू शकतं ते अपायही करू शकतं, दादा! सर्पगंधा वटी दुकानातून आणून स्वतःच्या मनाने घेऊ नका.

तुमच्याबद्दल म्हणाल तर आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहून ठेवा. दिवसाचं मीठ सगळं धरून चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. त्यात पापड, लोणचं, फरसाण आलं, आणि सैंधवही मीठच आहे. शिरोधारेने, म्हणजे कपाळावर तेलाची धार सोडल्याने, काहींना झोप चांगली लागते, जरूर करा, पण तिला गोळीची जागा देऊ नका. एवढं करूनही घरी मोजलेला आकडा १३५/८५च्या वरच राहिला तर गोळी घ्या आणि वैद्यांनाही तिचं नाव सांगा.

हे मी डॉक्टर म्हणून लिहिलेलं नाही, शाळेत शिकवते. आणि गोळी आधीच चालू असेल तर ती एकदम थांबवू नका. काही गोळ्या अचानक सोडल्या की बीपी आधीपेक्षाही वर उसळतं.