शाळेत ज्वालामुखी सांगायला जाण्यापूर्वी

प्रिय,

तू पाठवलेल्या स्लाइड्स पाहिल्या. फोटो सुरेख आहेत. पण निम्म्याहून जास्त भाषण लाव्ह्याच्या कारंज्यांवर खर्च झालंय, म्हणून हे पत्र.

वाहत्या लाव्ह्यापासून बहुतेक वेळा माणूस चालत दूर जाऊ शकतो. खरा घात होतो तो तापलेल्या वायू-राखेच्या लोंढ्यांनी. ते ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने उतार उतरतात. दुसरा घात लाहारचा, म्हणजे राख, दगड आणि पाणी मिसळलेल्या चिखलाच्या पुराचा. मुलं डोक्यात फक्त लाल कारंजं घेऊन घरी गेली, तर तासभर त्यांचं मन रमलं एवढंच म्हणता येईल. धोका कशाला म्हणतात, हे त्यांना कळलेलं नसेल.

आर्मेरो या गावाची गोष्ट तुला पाठ आहे, तरीही मुलांना ती सांगच. कोलंबियातल्या नेवाडो देल रुईझ ज्वालामुखीचा १३ नोव्हेंबर १९८५ ला उद्रेक झाला. उद्रेक तसा लहान होता, पण शिखरावरचं बर्फ वितळलं आणि साधारण अडीच तासांनी लाहार आर्मेरोवर येऊन आदळला. सुमारे २३,००० माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार झाला होता आणि त्यात आर्मेरो लाहारच्या वाटेवर होतं. १५९५ आणि १८४५ मध्येही त्या खोऱ्यातून असेच लोंढे येऊन गेले होते. मला यात सतत टोचतो तो अडीच तासांचा अवधी. नदीपासून दूर, उंचावर जायचं एवढं ज्याला आधीपासून ठाऊक आहे, त्याला तेवढा वेळ पुरतो. नकाशा होता, पण तो माणसांच्या मनात उतरलेला नव्हता. आपलं संशोधन लोकांपर्यंत नेणं हे फावल्या वेळचं काम नाही, असं मी म्हणते ते यासाठी.

फोटो आणि चित्रफिती काढून टाक असं मात्र मी म्हणत नाही. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो जागा होऊ लागला, तेव्हा त्याचा उद्रेक कोणाच्याच आठवणीत नव्हता. मागचा होऊन सुमारे पाचशे वर्षं लोटली होती. शास्त्रज्ञांनी अधिकाऱ्यांना आणि लोकांना मॉरिस आणि कातिया क्राफ्त या ज्वालामुखीतज्ज्ञ दांपत्याने चित्रित केलेली दृश्यं दाखवली. राखेचा लोंढा गावाचं काय करतो, लाहार कसा येतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर धोक्याचं बोलणं पटायला लागलं. १५ जूनच्या प्रचंड उद्रेकाआधी हजारो माणसं हलली होती. क्राफ्त दांपत्य त्याआधीच, ३ जूनला, जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीवर तशाच एका लोंढ्यात गेलं होतं. त्यांचं काम आणि त्यांची नावं दोन्ही मुलांना सांग.

आता प्रयोगाचं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा डोंगर कृपा करून नको. त्यात दोन पदार्थांची रासायनिक क्रिया होऊन वायू तयार होतो. शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, वायू आधीपासूनच विरघळलेला असतो. शिलारस वर येतो, दाब घटतो आणि वायूचे बुडबुडे सुटतात. हलवून उघडलेली सोडावॉटरची बाटली हेच दाखवते. त्याच्या जोडीला पाण्यात आणि मधात नळीने फुंकायला लाव. मधात बुडबुडे अडकून बसतात आणि मोठे होऊन फुटतात. चिकट शिलारसाचे उद्रेक जास्त स्फोटक का असतात, हे मग तुला सांगावं लागणार नाही, मुलंच सांगतील.

पृथ्वीच्या पोटात सगळीकडे उकळता रस भरलाय, हा समज तुला जवळजवळ प्रत्येक वर्गात भेटेल. मोठ्यांतही. प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, बहुतांशी घन आहे. ते वर सरकताना दाब कमी झाला किंवा त्यात पाणी शिरलं, की थोडासा भाग वितळतो. हे सांगायला वेळ लागेल, लागू दे. त्यासाठी विमान आणि राखेची स्लाइड गाळलीस तरी चालेल.

‘पुढचा उद्रेक कधी?’ हे कोणीतरी विचारणारच. भूकंपांची संख्या, जमिनीचा फुगवटा, सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण यांतून आपण काय ओळखतो आणि कुठे अडतो, ते सरळ सांग. १९७६ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावरच्या सुफ्रिएर ज्वालामुखीपासून सत्तर हजारांहून अधिक लोकांना हलवलं. वाफेचे स्फोट झाले, पण ज्याची भीती होती तो मोठा उद्रेक झालाच नाही. त्याच काळात नामवंत शास्त्रज्ञ जाहीरपणे एकमेकांशी भांडत होते. मतभेद असणं स्वाभाविक आहे, पण लोकांनी कोणाचं ऐकायचं? म्हणून शक्यता बोलून दाखव आणि त्या शक्यतेत काय करायचं तेही लगेच सांग. ‘काही सांगता येत नाही’ एवढ्यावर कधीच थांबू नकोस. घाबरलेल्या मुलाला ते वाक्य एकटं टाकून जातं.

ज्वालामुखीच्या पायथ्याशी बोलायची वेळ आली, तर आधी ऐक. इक्वेडोरमधल्या तुंगुराहुआभोवती २००० पासून गावकरीच स्वयंसेवक निरीक्षक झाले. ते रेडिओवरून वेधशाळेला डोंगराची खबर देत. यंत्रांना न दिसणाऱ्या गोष्टी त्यांना दिसत.

आणि एका भाषणाने फारसं काही होत नाही. होक्काइडो विद्यापीठाचे हिरोमु ओकादा उसु ज्वालामुखीच्या परिसरातल्या लोकांशी वर्षानुवर्षं बोलत राहिले. ३१ मार्च २००० ला उसुचा उद्रेक झाला, तेव्हा दहा हजारांहून अधिक माणसं आधीच बाहेर पडलेली होती. एकही जीव गेला नाही. तेव्हा शाळेकडून पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच मागून घे, आणि सुधारलेल्या स्लाइड्स मला शनिवारपर्यंत पाठव.

तुझी,
ताई