‘विथहेल्ड’, ‘कन्सील्ड’ की ‘सप्रेस्ड’? सोसायटीच्या पत्राच्या निमित्ताने

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. कोथरूडमधील आपल्या गृहरचना संस्थेच्या समितीने मागूनही लेखापरीक्षण अहवाल दिला नाही, म्हणून आपण इंग्रजी पत्रात समितीने तो ‘सप्रेस’ केल्याचे लिहिले आणि त्यावर सचिवांनी बदनामीच्या नोटिशीची भाषा सुरू केली. तर तो शब्द चुकला का, हा आपला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की, दाबणे, लपवणे, गप्प करणे या अर्थांचे हे सगळे इंग्रजी शब्द वेगळे कसे ओळखायचे. पत्राचे आधी पाहू, कारण तिथे काम अडले आहे.

‘विथहोल्ड’ म्हणजे वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती दिली नाही, इतकेच. हेतूविषयी तो शब्द काहीच बोलत नाही. किंबहुना राखून ठेवण्याचा त्या माणसाला अधिकारही असू शकतो. पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराला ‘विथहोल्डिंग टॅक्स’ म्हणतात, तेव्हा कोणी कोणावर आरोप करत नसते. ‘कन्सील’ म्हटले की हेतू आला, कारण ती गोष्ट दिसू नये याची कोणीतरी तजवीज केली, असा त्याचा अर्थ होतो. ‘सप्रेस’ त्याहून जड आहे: जे एरवी बाहेर आले असते ते अधिकार किंवा बळ वापरून दडपले, असे त्यात गृहीत असते. म्हणजे समितीने अहवाल नुसताच दिला नसेल तर ‘विथहेल्ड’. प्रतिकूल शेऱ्यांची पाने काढून उरलेला भाग सभासदांना वाटला असेल तर ‘कन्सील्ड’. आणि अहवाल सर्वसाधारण सभेपुढे येणार असताना तो विषयच कार्यक्रमपत्रिकेतून काढायला लावला असेल, तर ‘सप्रेस्ड’. आपण जे लिहिले आहे त्यावरून यातल्या पहिल्याच गोष्टीचा पुरावा आपल्या हाती दिसतो. पुढच्या पत्रात ‘विथहेल्ड’देखील न लिहिता, अमुक तारखेला लेखी मागणी केली व आजतागायत प्रत मिळाली नाही, एवढेच साधे विधान करावे, म्हणजे सचिवांना बोट ठेवायला जागा उरणार नाही.

हा फरक मी उगाच कीस काढून सांगत नाही. कायद्यानेही तो जपलेला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात, समोरच्याला फसवण्याच्या हेतूने माहीत असलेली वस्तुस्थिती लपवण्याची कृती करणे ही फसवणूक मानली आहे आणि त्यासाठी ‘अ‍ॅक्टिव्ह कन्सीलमेंट’ असे शब्द आहेत. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार मात्र नुसते मौन ही फसवणूक ठरत नाही. बोलणे हे त्या माणसाचे कर्तव्य असेल किंवा त्याचे मौनच बोलण्यासारखे असेल, तरच ती ठरते. तिथे दिलेले उदाहरण घोड्याचे आहे. घोड्यात खोट आहे हे ठाऊक असूनही विकणारा लिलावात काही बोलला नाही, तर ती फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगण्याचे कर्तव्य त्याच्यावर येते. न्यायालयात ‘सप्रेशन ऑफ मटेरियल फॅक्ट्स’ हा शब्दप्रयोग सर्रास चालतो आणि तिथे महत्त्वाची गोष्ट न सांगण्यालाही ‘सप्रेशन’ म्हणतात, कारण दाद मागणाऱ्याने सर्व वस्तुस्थिती मांडणे हे तिथे त्याचे कर्तव्यच असते. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातून हा शब्द सोसायट्यांच्या पत्रव्यवहारात शिरला असावा, असा माझा तर्क आहे. कर्तव्याची अट मात्र तिकडेच राहून गेली.

आता दुसरा प्रश्न. ‘सप्रेस’, ‘रिप्रेस’ आणि ‘ऑप्रेस’ हे तिन्ही शब्द दाबणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून आले आहेत. ‘ऑप्रेस’चे कर्म नेहमी माणसे असतात, अहवाल किंवा बातमी कोणी ‘ऑप्रेस’ करत नाही. उरलेल्या दोघांतला फरक मानसशास्त्रात स्पष्ट दिसतो: राग आला आहे हे जाणून तो आवरणे म्हणजे ‘सप्रेशन’, आणि मनाने तो नकळत इतका खोल ढकलणे की स्वतःलाही पत्ता लागू नये, म्हणजे ‘रिप्रेशन’. राजकारणात मात्र बंड ‘सप्रेस’ केले जाते आणि सतत दडपशाही करणारी राजवट ‘रिप्रेसिव्ह’ ठरते. खोकला थांबवणारे औषध ‘सप्रेसंट’च असते.

गप्प करण्याच्या शब्दांत मराठी मुळीच कमी पडत नाही. ‘मझल’ला बैलाचे मुसके आहे. ‘स्टायफल’ला गळचेपी आहे, कारण दोन्हींत श्वास कोंडण्याची कल्पना आहे, फक्त इंग्रजीत जांभईही ‘स्टायफल’ करता येते, तशी मराठीत तिची गळचेपी होत नाही. ‘गॅग’ म्हणजे तोंडात बोळा कोंबणे. १८७८ चा देशी भाषांतील वृत्तपत्रांविरुद्धचा कायदा ‘गॅगिंग अ‍ॅक्ट’ म्हणून ओळखला गेला आणि इंग्रजी पत्रे त्यातून वगळलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नावातला संताप कळतो. त्यासाठी आपला शब्द मुस्कटदाबी. ‘मफल’ सौम्य आहे, कारण त्यात आवाज बंद न होता दबका होतो. आपण गळ्याभोवती गुंडाळतो तो मफलर त्याच क्रियापदापासून आला आणि अमेरिकेत गाडीच्या सायलेन्सरलाही मफलरच म्हणतात. फर्ग्युसन रस्त्यावरून बुलेट फडफडवत नेणाऱ्यांनी तो काढूनच टाकलेला असतो, ते सोडा.

प्रकरण दाबणे यासाठी इंग्रजीत ‘हश अप’ आहेच, पण ‘बर्क’ हा त्याहून विलक्षण शब्द आहे. १८२८ साली एडिंबरामध्ये विल्यम बर्क आणि विल्यम हेअर यांनी शवविच्छेदनासाठी प्रेते विकता यावीत म्हणून सोळा जणांचे खून केले आणि अंगावर खूण राहू नये म्हणून बहुतेकांना गुदमरवून मारले. बर्क १८२९ मध्ये फासावर गेला. त्याचे नाव आधी गुदमरवण्याचे आणि मग गाजावाजा न करता प्रकरण मिटवण्याचे क्रियापद झाले. आपल्याकडे पोलिसांच्या इंग्रजीत ‘बर्किंग’ अजून जिवंत आहे: तक्रार आली तरी गुन्हा नोंदवूनच घ्यायचा नाही, म्हणजे आकडे आपोआप कमी दिसतात. सामान्य पत्रात हा शब्द वापरू नये, कारण वाचणाऱ्याला तो छपाईची चूक वाटेल.

‘सेन्सॉर’ करायला अधिकारपद लागते. आणीबाणीत मजकूर छापण्याआधी तपासून घ्यावा लागे, ते सेन्सॉरिंग. चित्रपट मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ शब्द १९८३ मध्ये जाऊन ‘प्रमाणन’ आला, तरी लोकांच्या तोंडी सेन्सॉर बोर्डच आहे. त्याच्याशी ‘सेन्शर’ची गल्लत करू नये, तो ठपका ठेवण्याचा शब्द आहे.

राहता राहिले व्याकरण. ‘विथहोल्ड’ आणि ‘कन्सील’ यांच्यापुढे ज्याच्यापासून गोष्ट राखली त्याचा उल्लेख ‘फ्रॉम’ने करावा. ‘हाइड’ कर्माशिवायही चालते, म्हणजे माणूस नुसता लपू शकतो, पण ‘कन्सील’ला कर्म हवेच. आणि ‘ही रिफ्रेन्ड मी फ्रॉम स्पीकिंग’ हे आपल्याकडे वारंवार दिसणारे वाक्य चूक आहे, कारण ‘रिफ्रेन’ म्हणजे स्वतः होऊन न करणे; दुसऱ्याला अडवायचे असेल तर ‘रिस्ट्रेन’ किंवा सरळ ‘स्टॉप’ लिहावे.