पुण्याहून नागपूरला कारने जाताना सर्वात लवकर पोचवणारा रस्ता कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खराडीहून दिवाळीला चौघं कारने नागपूरला निघणार, मॅप नगर, नाशिक आणि नांदेड-यवतमाळ असे तीन रस्ते दाखवतो, घ्यावा कोणता आणि रात्री निघावं की पहाटे?

नगर, छत्रपती संभाजीनगर, माळीवाड्याला समृद्धी महामार्गावर चढायचं आणि थेट शिवमडका, म्हणजे समृद्धीचं नागपूरकडचं टोक. एकूण पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे साडेचारला निघा, पाच म्हणजे उशीर.

बाकीचे दोन आधी निकालात काढतो. नाशिक रस्त्याने संगमनेर करून सिन्नरजवळ गोंदे इथे समृद्धी लागते. मोशी-भोसरीच्या लोकांना हा मोह होतो, पण चाकण पार करायला लागतं आणि अंतर पन्नास-साठ किलोमीटरनी वाढतं. खराडीवाल्याने त्या वाटेला जायचं कारणच नाही. तुळजापूर-नांदेड-यवतमाळचा रस्ता आता चांगला झालाय, मात्र तो आठशेच्या घरात जातो. यवतमाळला उतरायचं असेल तर त्याचा विचार करा.

आता खरा मुद्दा. सगळे समृद्धीवर किती पळवता येईल याचा हिशोब करतात. माळीवाडा ते शिवमडका साधारण साडेचारशे किलोमीटर धरा. सलग १२० ने गेलात तर पावणेचार तास, १०० ने गेलात तर साडेचार. फरक ४५ मिनिटांचा, तोही कागदावर. १०० वरून १२० वर गेलं की हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो, गाडी तेल जास्त पिते आणि वाटेत एक जादा थांबा पडतो. पंपावरची रांग, मग कुणाला तरी चहा आठवतो, की वीस मिनिटं तिथेच गेली. उलट वाघोली ते शिक्रापूर हा पट्टा पहाटे पाऊण तासाच्या आत सुटतो आणि सकाळी आठनंतर त्याला दुप्पट वेळही लागू शकतो. म्हणजे समृद्धीवर चार तास जीव मुठीत धरून जे कमवायचं, ते वाघोली-शिक्रापूरच्या गर्दीत घालवायचं. वेळ वाचवायचा तो अंथरुणातून लवकर उठून.

मॅप बघताना आत्ताची वेळ बघू नका. निघायची तारीख-वेळ टाकायची सोय असते, तिथे साडेचार, सहा आणि आठ अशा तीन वेळा टाकून पाहा. नुसता एक आकडा न देता तो 'इतके ते इतके तास' असा पल्ला दाखवतो. त्यातला मोठा आकडा धरून चला. वाहन कार निवडलंय ना आणि 'टोल टाळा' बंद आहे ना, हेही बघून घ्या. चालू राहिलं तर तो तुम्हाला समृद्धी सोडून मेहकर-कारंजा अशा जुन्या रस्त्याने फिरवेल. शिवाय माळीवाड्याचा इंटरचेंज (समृद्धीवर चढायची-उतरायची जागा) थांबा म्हणून आधीच टाकून ठेवा, म्हणजे वाटेत तो माळीवाडा सोडून दुसरीकडे नेणार नाही.

'चार मिनिटं वाचतील' म्हणून मॅप गावातला रस्ता सुचवतो, तो घ्यायचा नाही. त्याला मोबाइलवाल्या गाड्यांचा वेग कळतो, रस्त्याची रुंदी आणि समोरून काय येतंय ते कळत नाही. नगर जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा ती फार जवळ आलेली असते. म्हणूनच रात्री अकराला निघून रातोरात जायचा बेत मला पटत नाही. त्यातून पहाटे दोन ते पाच ही डुलकीची वेळ नेमकी समृद्धीच्या सरळसोट रस्त्यावर येते.

नगरला सातच्या आत पोचलात तर शहरातून उड्डाणपुलावरून सरळ निघून जा. उशीर झाला तर केडगावचा बायपास धरून विळद-शेंडीमार्गे. पुढे घोडेगावला शिंगणापूरचा फाटा आहे, शनिवारी आणि शनी अमावास्येला तिथे गर्दी ठरलेली. प्रवरासंगम ओलांडल्यावर वाळूजपर्यंत फारसं अडत नाही. संभाजीनगरच्या आसपास माळीवाडा, सावंगी आणि शेंद्रा असे तीन इंटरचेंज आहेत. वाळूजकडून येणाऱ्याला माळीवाडा सोयीचा, शहरात शिरावंच लागत नाही. शेंद्र्याला गेलात तर बीड बायपासच्या गर्दीतून जावं लागेल.

समृद्धीवर चढण्याआधी टाकी भरा, मंडळींना मोकळं होऊ द्या, काही खाऊन घ्या. वर सोयी आहेत, पण हव्या त्या क्षणी नाहीत. टोल बाहेर पडताना अंतराप्रमाणे कापला जातो. कारला किलोमीटरला दोन रुपयांच्या जरा वर धरा, म्हणजे या टप्प्याला हजाराच्या आत-बाहेर. फास्टॅगमध्ये दीड हजार असू द्या. आणि उतरायचा इंटरचेंज चुकला तर मागे वळता येत नाही, पुढच्यालाच उतरायचं.

टायरकडे मात्र निघायच्या दोन दिवस आधी बघा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात माणसं आणि सामान भरलेलं असताना किती हवा हवी ते वेगळं दिलेलं असतं. चौघं आणि दिवाळीचं सामान, म्हणजे तोच आकडा. हवा टायर थंड असताना भरायची. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्याच्या बाजू सतत वाकून तापतात आणि तासन्‌तास न थांबता पळवलं की फुटतात. 'समृद्धीवर टायर फुटतात म्हणून हवा कमी ठेवा' हा सल्ला ऐकला असेल तर तो नेमका उलटा आहे. वाटेत हवा वाढलेली दिसली तरी गरम टायरमधून काढू नका. टायरवर चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपलीकडचा टायर या रस्त्यावर नेऊ नये. स्टेपनीचंही साल बघा, ते कुणीच बघत नाही.

वेग १०० ते ११० च्या मध्ये ठेवा (कारला मर्यादा १२० आहे) आणि दर दीड-दोन तासांनी चालक बदला. सिंदखेडराजाच्या पुढे रस्ता सरळ, गाड्या तुरळक आणि डोळ्यांना काही नवं दिसत नाही. डोळे उघडे असून माणूस झोपलेला असतो. ट्रक तिन्ही लेनमध्ये सापडतील, डावीकडून ओव्हरटेक करायची पाळी आली तर आधी वेग कमी करा.

दोन मोठे थांबे धरून दुपारी दीड-दोनपर्यंत शिवमडक्याला उतराल. घर वर्धा रोडकडे असेल तर मिहानवरून सरळ आत जा. वाडी, काटोल रोड किंवा कोराडीकडे असेल तर हिंगण्यावरून बाहेरचा रिंग रोड धरा, शहरात शिरू नका. दिवाळीच्या खरेदीत बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) अडकलात तर पहाटे उठून कमावलेला तास तिथे जाईल.